खाली म्हणजे कुठे

गाता गाता अंबिका मध्येच थांबली आणि तिने त्याला हाक मारली. झालं ते खरं तर एवढंच. रविवारची दुपार, बाजारपेठेतलं चष्म्याचं दुकान बंद, जेवण अंगावर आलेलं. श्रीधर आतल्या खोलीत पलंगावर पडून पुरवणीतलं काहीतरी वाचत होता आणि बाहेर तिचा रियाज चालू होता, म्हणजे घरात पंखा चालू असावा तसा चालू होता. रियाज थांबला तेव्हाच तो चालू होता हे त्याला जाणवलं. "अहो, जरा येता का?" तो बाहेर आला तर ती चटईवर तशीच बसली होती, उजवा हात मांडीवर उताणा, नजर समोरच्या भिंतीवर. पुराच्या साली त्या भिंतीवर छातीएवढं पाणी चढलं होतं. तिचा तंबोरा त्यातच गेला, भोपळा फुगून फुटला, आणि तेव्हापासून मोबाइलमधला तंबोरा लावून ती गायची. तो वाजतच होता. तिने तो बंद केला नाही. "खरं सांगाल?" ती म्हणाली. त्याने मान हलवली. "माझा सूर खाली येतोय का?"

श्रीधरने उगाचच खिडकीचा पडदा सरकवला. ती बोलत राहिली, शांतपणे, खूप दिवस मनात घोळलेलं बोलावं तसं. मागच्या जुलैत पुण्याला तिच्या गळ्याची गाठ काढली होती. आवाज परत येईल, वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. दिवाळीनंतर तिने हळूहळू गायला सुरुवात केली आणि आता फेब्रुवारी उजाडला होता. पंधरा दिवसांनी पोलादपूरच्या शाळेच्या सभागृहात बाईंच्या स्मरणाचा कार्यक्रम होता. बाई म्हणजे तिच्या गुरू. अठरा वर्षं ती त्यांच्याकडे शिकली होती आणि गेल्या वर्षी त्या गेल्या. गायचं तर तिथे गायचं. पण मध्येच तिला वाटायचं की आपण घसरतोय, आणि मग वाटायचं की ही नुसती भीती आहे. आपल्याच गळ्याचं आपल्याला काही सांगता येत नाही, असं ती म्हणाली. सेजलला, तिच्या शिष्येला, विचारण्यात अर्थ नव्हता. ती सुंदर म्हणणार. तबल्यावरच्या मुरारीला तिची दया येत होती, ते तिला दिसत होतं. "तुम्ही मात्र कधी खोटी दाद दिलेली नाही," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात तर मी नाव काढून घेते. मला वाईट वाटणार नाही."

आज गळा दमलेला वाटतोय, दोन दिवसांनी पुन्हा नीट ऐकतो, असं काहीतरी तो म्हणाला. तिने ते ताबडतोब मानलं. मोठ्या डॉक्टरने उद्या या म्हटल्यावर पेशंट मानतो तसं. श्रीधर मागच्या दारात जाऊन उभा राहिला. पलीकडच्या परसात कुणाचे तरी कपडे वाळत होते. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, महाडच्या संगीत मंडळाचा बावीस वर्षं सचिव आणि आता अध्यक्ष, ज्याच्या घरी पुण्या-मुंबईचे गवई भाकरी आणि कुळथाचं पिठलं जेवून गेले आणि जाताना तुमच्यासारखा कान दुर्मीळ असं म्हणून गेले, तो या घडीला एकाच प्रश्नापाशी अडला होता. सूर खाली येतो म्हणजे खाली कुठे येतो?

हा प्रश्न त्याने कधी कुणाला विचारला नव्हता. असे आणखीही होते. तालाचं आवर्तन फिरून सम आली हे लोकांना कसं कळतं, आणि सगळ्यांना एकदमच कसं कळतं? आधीच लावलेल्या तंबोऱ्याच्या खुंट्या गवई दर दहा मिनिटांनी पुन्हा का पिळतात, पिळण्याआधीच्या आणि नंतरच्या आवाजात नेमका फरक काय? रागाचं नाव सांगितलं नाही तर पहिल्या रांगेतल्या या माणसांपैकी किती जणांना तो ओळखता येईल? लग्नाच्या पहिल्या वर्षी विचारले असते तर हे प्रश्न निभावून गेले असते. पाचव्या वर्षी लोक हसले असते. तिसाव्या वर्षी ते विचारणं म्हणजे खरं नाव वेगळंच असल्याचं सांगण्यासारखं होतं. शाळेत असताना गाण्याच्या मास्तरांनी त्याला प्रार्थनेच्या वेळी मागच्या ओळीत उभं केलं होतं आणि कानाशी वाकून हळूच सांगितलं होतं, तू ओठ हलव, आवाज काढू नकोस. ते रागावून म्हणाले नव्हते, म्हणून ते जास्त लक्षात राहिलं. लग्नानंतर सहा महिन्यांनी अंबिका त्याला पुण्याला एका बैठकीला घेऊन गेली तेव्हा तो तसाच, मागच्या ओळीतल्या मुलासारखा, तिच्या शेजारी बसला होता. गाणारे गृहस्थ बराच वेळ एकाच ओळीभोवती फिरत होते. समोर एक टोपीवाले म्हातारे बसले होते, त्यांची मानेची शीर ताठ होत होती आणि मग एकदम सैल पडत होती. श्रीधर त्या शिरेकडे बघत राहिला. ती एकदा फारच ताणली गेली, आणि सैल पडायच्या आत श्रीधरच्या तोंडून अगदी नकळत "वा" निघून गेलं. अंबिकाने वळून पाहिलं. सहा महिन्यांच्या संसारात तिने त्याच्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. जणू अनोळखी गावात तिला माहेरचं माणूस भेटलं होतं. त्या एका नजरेपुढे पुढचं सगळं आपोआप ठरत गेलं. त्याने पुस्तकं आणली, घराण्यांची नावं पाठ केली, कोण कुणाचा शिष्य, कोणता राग कोणत्या प्रहरी, हे सगळं औषधांच्या दुकानातल्या पोऱ्याला कप्पे पाठ असावेत तसं पाठ केलं. तबलजीचे खांदे, पुढच्या रांगेची बोटं, गवयाच्या भुवया यांवरून तो समेचा अंदाज बांधू लागला. अंदाज किंचित उशिराच यायचा. त्याची दाद सगळ्यांच्या मागून, एकटी, हलक्या आवाजात पडायची, आणि लोकांना त्यात खोली दिसायची.

मग तो ऐकत काहीच नव्हता का, तर तसंही नव्हतं. अंबिकाचा आवाज बाहेरच्या खोलीतून आला की ती उपाशी आहे का जेवलेली, बंगळुरूहून लेकीचा, ईराचा फोन येऊन गेलाय का यायचाय, हे त्याला कळायचं. आवाज निघायच्या आधी तिच्या घशात एक बारीकसा श्वास अडखळायचा, तो त्याला ओळखू यायचा. ऑपरेशननंतर पहिल्यांदा ती गुणगुणली तेव्हा तो श्वास तिथेच आहे हे ऐकून तो मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिला होता. पण वर आणि खाली, हे जे लोक जिन्याच्या पायऱ्यांसारखं धडधडीत असल्याप्रमाणे बोलायचे, ते त्याला कधी दिसलंच नाही. त्याच्यासाठी ती सगळी एक सपाट, सुंदर जागा होती आणि तिच्यात अंबिका फिरत होती.

सोमवारी दुकानात त्याने मोबाइलवर सूर मोजणारं ॲप उतरवून घेतलं. सकाळी तिचा रियाज त्याने चोरून ध्वनिमुद्रित केला होता. काउंटरखाली फोन धरून त्याने तो दुसऱ्या जुन्या फोनवर वाजवला आणि ॲपमधला काटा बघत बसला. काटा डावीकडे गेला, लाल झाला. उजवीकडे गेला, हिरवा झाला, पुन्हा लाल. ती एका सुरावरून दुसऱ्यावर सावकाश जात असली की काटा वेड्यासारखा हलायचा. ते गाणं होतं की घसरणं, हे काट्याला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईक आलं की तो फोन पालथा घालायचा, जणू नको ते बघत होता. दुपारी वरंधची प्रयागबाई आली, सून रूपालीला घेऊन. त्याने तिला खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर तपासणीची फ्रेम चढवली आणि भिंगं बदलत नेहमीचं विचारायला सुरुवात केली, आता बरं दिसतं की मघाशी बरं दिसत होतं. प्रयागबाईने तक्त्याकडे निरखून पाहिलं आणि दोन्ही सारखीच म्हणाली. त्याने पुन्हा बदलून दाखवलं. तरी सारखीच. सून ओशाळली, नीट बघून सांगा म्हणून दटावू लागली. म्हातारी शांतपणे म्हणाली, "दिसत नाय तं काय सांगू गो? खोटं सांगितलं तं चष्मा पन खोटाच व्हईल." श्रीधरचा भिंग धरलेला हात तसाच राहिला. याच खुर्चीत बसलेल्या शेकडो माणसांना त्याने स्वतः सांगितलं होतं की ही परीक्षा नाही, फरक कळला नाही तर कळला नाही म्हणा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मास्तर लोक सर्वांत जास्त खोटं बोलतात हेही त्याला माहीत होतं. न दिसणारी अक्षरं ते अंदाजाने वाचतात.

अंबिकाने दोन दिवसांनी विचारलं नाही. तिने फक्त रियाजाच्या वेळी खोलीचं दार उघडं ठेवायला सुरुवात केली. ते उघडं दार त्याला जेवताना दिसायचं, दाढी करताना दिसायचं. तो दुकानात लवकर जाऊ लागला, हिशेबाच्या किंवा पार्सलच्या सबबी सांगू लागला. मनात मात्र दोन्ही बाजूंनी तेच तेच दळण चालू होतं. छान आहे म्हणावं, आणि पोलादपूरच्या सभागृहात, बाईंच्या फोटोसमोर, ओळखीच्या दीडशे माणसांपुढे तिचा सूर घसरावा, सेजलने मान खाली घालावी, मुरारीने ठेका जरा मोठा करून झाकायचा प्रयत्न करावा, आणि ती मात्र आपल्याकडे बघून निश्चिंत गात राहावी. किंवा नको म्हणावं, आणि तिचा सूर मुळात जागेवरच असावा. तिने गाणं सोडावं ते एका बहिऱ्याच्या शब्दावर. दोन्हीपैकी काय घडलं हे त्याला स्वतःला कधीच कळणार नव्हतं. ती भीती जास्त मोठी होती. चुकलो हेही कुणी सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

शेवटी त्याला सोनबा आठवला. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीत राहणारा सत्तरीचा माणूस. उमेदीची वर्षं मुंबईला गोदीत काढून गावी परतलेला, आणि चाळीस वर्षं वाडीच्या भजनात पेटी वाजवून गाणारा. मोतीबिंदूनंतरचा चष्मा श्रीधरनेच करून दिला होता आणि त्याची काडी तुटल्याचा निरोप महिनाभर पडून होता. वाडीतलं कुणी मंडळाच्या कार्यक्रमांना येत नव्हतं. गुरुवारी दुकान लवकर बंद करून तो निघाला. पोलादपूरच्या पुढे डोंगरउतारावर ठिकठिकाणी भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजत होते. धुराचा वास गाडीत भरला आणि त्याला काहीतरी चोरून करायला निघाल्यासारखं वाटलं. सोनबा अंगणात भाताचा पेंढा रचत होता. काडी बसवून झाली, चहा झाला, मग श्रीधरने फोन काढला आणि एका ओळखीच्या बाईंचं गाणं ऐकवतो म्हणाला. सोनबाने फोन कानाला लावला, डोळे मिटले. मिनिटभरही ऐकलं नसेल. "बाय चांगली गाते," तो म्हणाला. "चढताना बरोबर हाय. उतरताना पाय घसरतो." आणि फोन परत दिला.

एवढ्यावर श्रीधरला उठता आलं असतं. तो उठलाही होता. पण सोनबाचा तो सहजपणा बघून तो पुन्हा ओट्यावर बसला. "सोनबा, मला ते घसरणं ऐकू येत नाही," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडलं होतं, आणि बाहेर पडल्यावर ते फारच छोटं वाटलं. सोनबा हसला नाही. आत जाऊन पेटी घेऊन आला, भाता उघडला आणि दोन स्वर वाजवले. ह्यातला वरचा कंचा? श्रीधरने दुसरा म्हणून सांगितलं. सोनबाने मान हलवली नाही, उलट बोटं खूप लांब लांब ठेवून पुन्हा दोन वाजवले. ते श्रीधरला कळलं. मग सोनबाने बोटं जवळ जवळ आणत नेली. कळलं, कळलं, बहुतेक कळलं, आणि मग एका जागी येऊन सगळं एकसारखं झालं. सोनबाने तिथे पट्टीवर बोट दाबून धरलं, शेताच्या बांधावर पाय ठेवून उभं राहावं तसं. "हितवर तुमाला येतं. हितनं पुडं नाय." श्रीधर त्या दोन पट्ट्यांकडे बघत राहिला. मधे बोटभरही जागा नव्हती. तीस वर्षं ज्याला तो घाबरत होता ते एवढंसं होतं; आणि अख्खं गाणं त्याच एवढ्याशा जागेत होतं, हेही त्याच क्षणी त्याला कळलं. सोनबाने भाता बंद केला आणि अगदी साध्या कुतूहलाने विचारलं, "मंग इतकी वर्सं तुमी बसून काय ऐकत व्हतात?" चहाची कपबशी श्रीधरने उगीच स्वतः उचलून मोरीवर नेऊन ठेवली.

परतताना मात्र मनाने वेगळीच वाट धरली. आता त्याच्याकडे निकाल होता. चढताना बरोबर आहे, उतरताना पाय घसरतो. इतकं नेमकं वाक्य त्याला जन्मात सुचलं नसतं. ते त्याने गाडीत दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं, पाय हा शब्द काढून, मग पुन्हा घालून. कुणाला काही कळणार नव्हतं, कुणाचं नुकसान होणार नव्हतं, उत्तर तर खरंच होतं. घरी आला तेव्हा अंबिका स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होती. चपला काढायच्या आधीच तो म्हणाला, "तुझं ऐकलं मी. चढताना बरोबर आहे. उतरताना पाय घसरतोय." तिचे हात थांबले. तिने वर पाहिलं, आणि ती नजर आली, तीस वर्षांपूर्वीची, जशीच्या तशी, उलट थकल्यामुळे जास्तच उघडी. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "किती नेमकं सांगितलंत." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती हसत होती. श्रीधरला ती नजर सोसवेना. ओट्याचा काठ धरून तो म्हणाला की हे मी सांगितलेलं नाही. मग सगळं सांगितलं. सोनबा, पेटी, दोन पट्ट्या. मला सूर कळत नाही, असं तो म्हणाला तेव्हा तिला आधी वाटलं की त्याच्या कानाला काही झालंय, मुंबईला दाखवूया का असं ती घाबरून विचारू लागली. "नाही," तो म्हणाला. "पहिल्यापासून. कधीच कळला नाही."

ती मनाने मागे मागे चालली आहे हे त्याला दिसत होतं, एकेका बैठकीपाशी थांबत, एकेका दादेपाशी. ती कुठे जाऊन पोचणार याची त्याला कल्पना नव्हती. शेवटी ती म्हणाली, "बाईंच्या साठीला मी ती गंधाराची जागा तीनदा घेतली होती. तुम्ही मान हलवलीत म्हणून." त्याला काहीच आठवत नव्हतं. तिला आठवत होतं. बाई नंतर म्हणाल्या होत्या की ती जागा एकदाच हवी होती, तीनदा घेऊन तू तिचं वाटोळं केलंस. आणि अंबिकाने गुरूला उलट उत्तर दिलं होतं, आयुष्यात एकदाच. माझ्या घरात कान असलेला माणूस आहे असं म्हणाली होती. पुढची दोन वर्षं बाईंनी तिला शिकवलं नाही. नंतर बोलावलं, पण पहिल्यासारखं कधी झालं नाही. हे सगळं तिने कोथिंबिरीच्या काड्या एका बाजूला करत सांगितलं, आवाज न चढवता. मग ताट झाकून ती बाहेर गेली. शुक्रवारी आणि शनिवारी रियाज झाला नाही. ती त्याला वाढत होती, औषधाची आठवण करत होती, शेजारच्यांशी बोलत होती. ईराचा फोन आला तेव्हा बाबा बरे आहेत म्हणाली. घर इतकं शांत झालं की रस्त्यावरून दूधवाल्याची सायकल गेलेली ऐकू यायची. श्रीधर जाग्या डोळ्यांनी पडून आपण काय काय घेतलंय याची मोजदाद करत राहिला. दोन वर्षांचं शिकणं. नंतर न शिकवलेलं जे असेल ते. आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी ज्याच्याकडे बघायचं तो माणूस.

रविवारी सकाळी ती साडी बदलून पुढे आली आणि म्हणाली, "त्या सोनबांकडे मला घेऊन चला." वाडीत पोचल्यावर सोनबाला तिने आपलं नाव सांगितलं, वाकून नमस्कार केला. तो अवघडला, आत जाऊन सदरा घालून आला. शेणाने सारवलेल्या पडवीत ती बसली आणि नेहमीच्या काळी चारच्या पट्टीत गायली, कार्यक्रमात गायचा तो भीमपलास, थोडा वेळ. सोनबाने ऐकून घेतलं आणि विचारलं की हीच पट्टी का धरून ठेवलीत. ती म्हणाली की मी वीस वर्षं इथेच गाते. "व्हय, पन गळा आता तिथं राहत नाय," सोनबा म्हणाला. "दोन घरं खाली या बाय. काळी तीन. चढायला दमलात का उतरताना घसरणारच." अंबिकाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. पट्टी उतरवायची म्हणजे म्हातारपण मान्य करायचं, असं तिच्याकडच्या बायका बोलायच्या; तीही बोलायची. मग सोनबाने पेटीवर खालचा षड्ज धरला आणि ती त्यात शिरली. श्रीधर पडवीच्या खांबाला टेकून बसला होता. ओळ संपली की ती सोनबाकडे बघत होती. त्याच्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. आपली मान आपोआप हलू पाहते आहे हे त्याला जाणवलं आणि त्याने ती आवरली, तेव्हा हातांचं काय करावं हेही त्याला कळेना. पडवीबाहेर एक कोंबडी पाय उचलून उभी होती. त्याला आवाज खाली गेल्याचं कळलं नाही. आवाज निघायच्या आधीचा तो बारीक अडखळता श्वास मात्र या खेपेला आला नाही, एवढं कळलं, आणि त्याचा अर्थ चांगला की वाईट ते त्याने विचारलं नाही.

पोलादपूरचा कार्यक्रम दुपारी चारला सुरू झाला. शाळेतला तरुण शिक्षक बुद्धरत्न सगळी धावपळ करत होता. तो लगबगीने श्रीधरकडे आला आणि दरवेळेप्रमाणे शेवटी तुमचे दोन शब्द हवेत म्हणाला. आज मी काही बोलणार नाही, मला त्यातलं कळत नाही, असं श्रीधरने सरळ सांगितलं. बुद्धरत्न भारावल्यासारखा झाला. शेजारी बसलेल्या वकिलांना तो म्हणाला, बघा, एवढा मोठा माणूस आणि केवढी नम्रता. यातून सुटायला श्रीधरला उरलेलं आयुष्यही पुरणार नव्हतं. मग सेजल गायली, आणि मग अंबिका. तंबोरे कुणीतरी खरे आणले होते. ते दर थोड्या वेळाने पिळले जात होते आणि श्रीधरला त्यात काहीच फरक कळत नव्हता. पहिली पंधरा मिनिटं त्याने सेजलच्या चेहऱ्यावरून, मुरारीच्या खांद्यांवरून वाचायचा प्रयत्न केला, जन्मभराच्या सवयीने. त्यांचे चेहरे नुसते गाण्यात होते. मग त्याने डोळे मिटले. डोळे मिटून त्याने गाणं कधी ऐकलं नव्हतं. धीरच झाला नव्हता, सगळी खबर डोळ्यांतून यायची. अंधारात तो आवाज आला, आणि त्याला एकदम कशाचाच आधार राहिला नाही. आता माणसं कुठे माना हलवतील, कुठे थांबतील, काहीच माहीत नव्हतं. चारी बाजूंनी एकदम हुंकार उठला तेव्हा तो दचकला. खुर्चीचा दांडा घट्ट धरून तो तसाच बसून राहिला, शेवटपर्यंत.

लोकांनी तिला गराडा घातला, बाईंच्या थोरल्या सुनेने तिचे हात हातात घेतले, कुणी रडलं. गाडीत बसेपर्यंत सूर्य डोंगराआड गेला होता. महामार्गाला लागल्यावर बराच वेळ ट्रकांच्या मागून हळूहळू जावं लागलं. कार्यक्रमानंतर गाडीत बसलं की कसं झालं, असं ती विचारायची आणि तो थोडं थांबून, समोर बघत, एखादी जागा निवडून सांगायचा. हे दरवेळी होत आलं होतं. आज ती खिडकीबाहेर बघत होती. विचारणार नाही, हे त्याला पोलादपूर सुटतानाच कळलं होतं, तरी महाड जवळ येऊ लागलं तसतसा तो वाट बघत राहिला. पुढेही ती कधी विचारणार नव्हती. एका टपरीसमोर गाड्या अडल्या तेव्हा त्याने इंजिन बंद केलं.

"एक विचारू?" तो म्हणाला.

तिने मान वळवली नाही. "विचारा."

"सगळ्यांना एकदम कळतं ना, समेचं. ते कसं कळतं?"

मागच्या गाडीने भोंगा वाजवला आणि त्याला पुन्हा गाडी सुरू करावी लागली. "तीस वर्षांत हे तुम्ही विचारायला हवं होतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, आणि तो लपवायचा तिने प्रयत्न केला नाही. मग थोड्या वेळाने तिने पर्स मांडीवरून खाली ठेवली, डावा हात उघडा धरला आणि उजव्या हाताने त्यावर मात्रा मोजत ठेका म्हणू लागली, सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसा. सोळा मोजून झाल्यावर तिने एक थाप जरा जोरात दिली आणि थांबली.

"कळलं?"

"नाही," श्रीधर म्हणाला.

तिने पुन्हा पहिल्यापासून धरलं.